कानापर्यंत पोचणारं रक्त

न्यूयॉर्कचे कानाचे शल्यविशारद सॅम्युएल रोझेन १९६० मध्ये सुदानच्या दक्षिण भागात गेले. इथिओपियाच्या सीमेजवळ राहणाऱ्या माबान लोकांचे कान त्यांना तपासायचे होते. रोझेन यांचं नाव तेव्हा जगभरच्या कानतज्ज्ञांना ठाऊक होतं, कारण कानातलं घट्ट बसलेलं रिकिबीचं हाड मोकळं करून ऐकू आणण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९५२ मध्ये शोधली होती. माबानांकडे बंदुका नव्हत्या, यंत्रं नव्हती आणि वस्तीत दिवसभर शांतता असायची. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अमेरिकेतल्या त्यांच्या वयाच्या माणसांपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येत होतं. गोंगाट नाही म्हणून कान शाबूत, हा पहिला निष्कर्ष साहजिक होता. पण रोझेन यांनी रक्तदाबही मोजला होता, आणि वय वाढलं तरी माबानांचा रक्तदाब वाढत नव्हता. शरीरं सडपातळ होती आणि हृदयविकाराची लक्षणं जवळपास दिसत नव्हती. कान टिकण्याचं श्रेय फक्त शांततेला द्यायचं की रक्तवाहिन्यांनाही, हा प्रश्न रोझेन यांना मग सुटेना.

त्याच सुमारास फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळच्या दोन मनोरुग्णालयांत आहाराचा एक दीर्घ प्रयोग सुरू होता. एका रुग्णालयात दुधातल्या स्निग्धांशाच्या जागी सोयाबीन तेल वापरलं जाई, दुसऱ्यात नेहमीचं फिनिश जेवण. काही वर्षांनी दोन्हींच्या आहाराची अदलाबदल झाली. प्रयोग हृदयविकारासाठी होता, पण रोझेन यांनी तिथल्या रुग्णांचे कान तपासले आणि तेलाचा आहार घेणाऱ्यांना अधिक चांगलं ऐकू येतं अशी नोंद केली. या कामावर टीका झाली आणि ती रास्त होती. माबानांच्या जन्मतारखा कुठेही लिहिलेल्या नव्हत्या, म्हणजे ‘सत्तरीचा माणूस’ हा अंदाजच. वंशाचा वाटा किती, हेही वेगळं काढता आलं नव्हतं. एवढ्या पुराव्यावर आज कोणी ठाम विधान करणार नाही. तरी मला रोझेन यांचं मोठेपण यात दिसतं की त्यांनी कानाचा विचार करताना माणसाचं जेवण आणि माणसाचं हृदय बाजूला ठेवलं नाही.

आपण ते बाजूला ठेवलेलं आहे. ‘साठी उलटली, आता ऐकू कमी येणारच’ हे वाक्य घरोघरी इतक्या सहज उच्चारलं जातं की त्यावर पुढे काही विचारायचं असतं हेच सुचत नाही. पोट सुटलं तर गुडघ्यांची काळजी करतात, हृदयाची करतात, साखर तपासतात. त्याच माणसाला चारचौघांतलं बोलणं कळेनासं झालं, तर वयाकडे बोट दाखवून मोकळे होतात. माझं म्हणणं असं आहे की कान हा चयापचयावर जगणारा अवयव आहे. शरीराच्या वजनाचा आणि श्रवणाचा संबंध खरा आहे, तो मध्यम ताकदीचा आहे, आणि तो नीट समजून घ्यायचा तर वजनकाट्यावरच्या आकड्यावर फार विसंबून चालणार नाही.

आतल्या कानात शंखासारखा अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो, कॉक्लिया. उलगडून सरळ केला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. पक्ष्यांमध्ये मेलेली केशपेशी पुन्हा उगवते, माणसात नाही. जन्मतः मिळालेली पुंजी आयुष्यभर पुरवायची. या पेशींना काम करता यावं म्हणून कॉक्लियाच्या भिंतीतला स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस नावाचा, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला पट्टा सतत आयन पंप करत राहतो आणि आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवून धरतो. आपण झोपलेलो असतानाही हे काम चालूच असतं. त्याला ऊर्जा भरपूर लागते, आणि ती बहुतांशी एकाच बारीक धमनीतून येते. ती धमनी चिंचोळी झाली तर रक्ताला दुसरी वाट नाही. धरणाच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याची जी अवस्था असते तीच कॉक्लियाची. वर कुठेही पाणी कमी झालं की पहिला फटका त्याला.

पोटात, आतड्यांभोवती, यकृतात साठलेली चरबी तिथे गप्प पडून राहत नाही. ती दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, रक्तदाब चढतो, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. डोळ्याच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडात हे नुकसान डॉक्टर दशकानुदशकं पाहत आले आहेत. कॉक्लिया कवटीच्या सर्वांत कठीण हाडात बंद असल्यामुळे जिवंत माणसात ते डोळ्यांनी पाहता येत नाही. मला वाटतं, कानाच्या उपेक्षेचं निम्मं कारण हेच आहे.

माणसांच्या मोठ्या समूहांत काय दिसतं? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात ६८,४२१ स्त्रियांचा १९८९ पासून २००९ पर्यंत मागोवा घेतला गेला. शॅरन कर्हन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, बीएमआय ४० किंवा अधिक असलेल्या स्त्रियांमध्ये ऐकू कमी येण्याचा धोका २५ च्या खालच्या स्त्रियांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होता. कमरेचा घेर ८८ सेंटिमीटरच्या वर असलेल्यांमध्ये तो ७१ पेक्षा कमी घेर असलेल्यांच्या तुलनेत सुमारे २७ टक्के जास्त होता. युरोपात २००८ मध्ये चार हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीवर आधारलेला अभ्यास आला. त्यातही गोंगाट आणि धूम्रपानाच्या बरोबरीने जास्त बीएमआय हा वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणाशी जोडलेला आढळला.

मला या आकड्यांपेक्षा आणखी एक धागा जास्त विचार करायला लावतो. वयाने आणि गोंगाटाने जाणारं ऐकणं सहसा वरच्या पट्टीतून सुरू होतं. पक्ष्यांची किलबिल, बायकामुलांचे आवाज, ‘स’ आणि ‘फ’सारखे वर्ण आधी निसटतात. पण फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासातल्या वृद्धांचे कान जॉर्ज गेट्स यांनी तपासले, तेव्हा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराशी खालच्या पट्टीतलं नुकसान अधिक जोडलेलं दिसलं, विशेषतः स्त्रियांमध्ये. पुढे २०१३ मध्ये अनिल लालवानी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२ ते १९ वर्षांच्या मुलामुलींची आकडेवारी मांडली. लठ्ठ मुलांमध्ये एका कानात खालच्या पट्टीचं ऐकू कमी येण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं, इतर मुलांमध्ये ते ८ टक्क्यांच्या आत. खालच्या पट्टीचे आवाज कॉक्लियाच्या सर्वांत आतल्या वेढ्यात टिपले जातात आणि रक्त तिथे सर्वांत शेवटी पोचतं. या दोन गोष्टींची सांगड हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे, सिद्ध झालेला नियम नाही. मात्र पंधरा वर्षांच्या मुलाला वयाचं कारण लावता येत नाही, एवढं तरी मान्य व्हायला हवं.

शंका घ्यायला जागा आहे आणि घेतलीच पाहिजे. परिचारिकांनी ‘मला कमी ऐकू येतं’ असं स्वतः सांगितलं होतं, प्रत्येकीचा ऑडिओग्राम काढलेला नव्हता. शिवाय संबंध उलटाही असू शकतो. ज्याला ऐकू येत नाही तो लोकांत मिसळायचं टाळतो, संध्याकाळचा फेरफटका बंद होतो, रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीची भीती वाटते, माणूस खुर्चीला खिळतो आणि वजन वाढतं. मला वाटतं दोन्ही दिशा खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना जोर देतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांत मात्र दिशा ठरवून पाहता येते. खाणं २५ टक्क्यांनी कमी केलेल्या उंदरांमध्ये म्हातारपणीचा बहिरेपणा टळल्याचं २०१० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलं, त्यामागचं सर्टथ्री हे प्रथिनही ओळखलं गेलं. उंदीर म्हणजे माणूस नाही. तरीही चयापचयातून कानाकडे जाणारी वाट अस्तित्वात आहे, हे त्यातून कळतं. आणि प्रमाणाचं भान सुटू नये म्हणून हेही सांगायला हवं की मिरवणुकीतली डीजेची भिंत, कारखान्यातली प्रेस मशीन आणि तासन्‌तास मोठ्या आवाजात लावलेले इअरफोन कानाचं जे करतात, त्याच्यापुढे वजनाचा परिणाम सौम्य आहे. फरक एवढाच की डीजेसमोर वर्षातून काही तास उभं राहावं लागतं, पोटावरची चरबी रोज चोवीस तास बरोबर असते.

आता वजन म्हणजे नेमकं काय, याचा विचार करू. इथे पुण्याचा उल्लेख टाळता येणार नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं हडकुळी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक यांचं आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बीएमआय तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय शरीराबद्दल इतकं थोडक्यात इतकं बोलणारं दुसरं चित्र मी पाहिलेलं नाही.

याचा कानाशी संबंध सरळ आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांत धोका ज्या वजनाशी जोडला गेला, ते वजन आपल्याकडे फार थोड्यांचं असतं. हातापायाने काडी आणि पोटाने गोल असलेला आपल्याकडचा मध्यमवयीन माणूस वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ भरतो आणि निश्चिंत होतो. त्याच्या रक्तवाहिन्यांवर काय चाललं आहे ते काटा सांगत नाही, कमरेची टेप थोडंफार सांगते. म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणलेल्या आहेत. बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि पोटाच्या लठ्ठपणाचं प्रमाण जवळपास ४० टक्के आहे. ते एकूण लठ्ठपणाच्या प्रमाणापेक्षा बरंच जास्त आहे.

मधुमेहापाशी आलो की पुरावा एकदम भक्कम होतो, कारण इथे कान मशीनवर मोजलेले आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या २० ते ६९ वर्षांच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची आकडेवारी कॅथलीन बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडली. खालच्या आणि मधल्या पट्टीतलं ऐकणं मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांचं बिघडलेलं होतं, मधुमेह नसलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के. वय, गोंगाट, धूम्रपान यांचा हिशेब केल्यावरही संबंध उरला. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था मधुमेहाचं निदान होताच आणि त्यानंतर दर वर्षी कान तपासून घ्यायला सांगते. आपल्याकडे मधुमेहाच्या रुग्णाला डोळ्याचा पडदा, तळपाय, लघवीतली प्रथिनं यांबद्दल बऱ्यापैकी बजावलं जातं. कानाबद्दल विचारणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे. डॉक्टरांना दोष द्यावा असा माझा हेतू नाही. शंभर रुग्णांच्या ओपीडीत एका माणसाला मिळणारी मिनिटं आपण सगळे जाणतो. पण प्रश्न एका वाक्याचा आहे: टीव्हीचा आवाज घरचे कमी करायला सांगतात का?

वजनाचं दुसरं टोक विसरून हा विषय पूर्ण होत नाही, आणि ते टोक आपल्या प्रदेशाचं आहे. बिहारला लागून असलेल्या नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात १९८९ मध्ये लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व देण्याचा मोठा प्रयोग झाला होता. ती मुलं तरुण झाल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे कान तपासले. लहानपणी ज्यांचं वजन आणि उंची खुरटलेली होती, त्यांच्यात तरुणपणी ऐकू कमी येण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. शिवाय लहानपणी ज्यांचे कान वाहत होते, त्यांपैकी ‘अ’ जीवनसत्त्व मिळालेल्यांमध्ये बहिरेपणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होता. कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती कमी, म्हणून सर्दी वारंवार, म्हणून कान फुटतो आणि वाहत राहतो. शिवाय आतल्या कानाची घडण आईच्या पोटातच होते, म्हणजे आईच्या ताटात काय होतं याचीही नोंद तिथे होत असावी. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर अंगणवाडीसेविका मुलाला काट्यावर ठेवते, तेव्हा ती त्या मुलाच्या भाषेचं आणि शाळेचंही काहीतरी मोजत असते. वर्गात मागे बसणाऱ्या, ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा खाणाऱ्या किती मुलांना मुळात बाईंचा आवाजच नीट पोचत नसेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरातून झाली आणि त्याच्या तपासणीत कान आहेतच. प्रत्यक्षात वाहणाऱ्या कानाकडे ‘होईल आपोआप बरा’ म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे.

खूप वेगाने वजन उतरवण्याचाही कानाशी संबंध आहे. घशातून मधल्या कानाकडे जाणाऱ्या नळीच्या बाजूला चरबीची एक छोटी गादी असते. ती नळी एरवी मिटलेली राहायला तिची मदत होते. आजारपणात, अतिकडक उपासांनी किंवा वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही गादी झिजली की नळी उघडी राहते आणि माणसाला स्वतःचाच आवाज, स्वतःचाच श्वास कानात घुमताना ऐकू येतो. कानात दडे बसल्यासारखंही वाटतं. हे बहुतेकदा वजन थोडं सावरल्यावर सुधारतं, पण कारण माहीत नसलेला रुग्ण घाबरून जातो. वजन झटकन उतरवून देणाऱ्या जाहिरातींत याचा उल्लेख नसतो.

या सगळ्या चर्चेतून एक गोष्ट होऊ नये असं मला मनापासून वाटतं. लठ्ठ माणूस आणि कमी ऐकू येणारा माणूस, दोघेही आपल्या नाटक-सिनेमांनी पिढ्यान्‌पिढ्या थट्टेसाठी वापरले आहेत. बहिऱ्याने भलतंच ऐकून भलतंच उत्तर द्यायचं आणि सभागृहाने हसायचं. आता त्याला ‘तुझ्या पोटामुळेच ऐकू येत नाही’ असं म्हणायला विज्ञानाचा आधार सापडला, असं कोणी समजू नये. पंचवीस टक्के जास्त धोका म्हणजे प्रत्येक जाड माणूस बहिरा होणार असं नव्हे, आणि सडपातळ माणसांचे कान जात नाहीत असंही नव्हे. ज्याच्या आईला गरोदरपणी पुरेसं खायला मिळालं नाही, जो जन्मतःच कमी वजनाचा होता, ज्याला पुढे शहरात बैठं काम आणि स्वस्त तळलेलं अन्न मिळालं, त्याच्या कमरेच्या घेराचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर मांडणं अन्याय आहे. लाजेने माणूस तपासणी टाळतो. कानाचं मशीन लावायला आधीच इतके लोक लाजतात की ते घेऊनही कपाटात ठेवतात.

चालण्याबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट त्याच परिचारिकांच्या अभ्यासात आहे. आठवड्याला चार तास किंवा जास्त चालणाऱ्या स्त्रियांमध्ये ऐकू कमी येण्याचा धोका तासाभरापेक्षा कमी चालणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होता. चालण्याने वजन नेहमी उतरतंच असं नाही, वर्षभर चालूनही काटा हलत नाही म्हणून खूपजण सोडून देतात. पण रक्ताभिसरण सुधारतं, साखर आणि दाब ताळ्यावर राहतात, आणि कानाला हवं असतं ते हेच. काटा न हलण्याला अपयश म्हणण्याचं कारण नाही.

बदल कुठे करता येईल? त्यासाठी नवी योजना लागेल असं मला वाटत नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक नावाचा फॉर्म भरतात. त्याच्या पहिल्या भागात कमरेचा घेर विचारला आहे, त्याला गुण आहेत, आणि गुण चारच्या वर गेले की मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीसाठी त्या माणसाला आधी बोलावतात. पुढच्या भागात लक्षणांच्या यादीत ‘ऐकू येण्यात अडचण आहे का’ हाही प्रश्न आहे. म्हणजे एकाच घरात, एकाच बैठकीत, त्याच बाईच्या हातून टेप आणि कान दोन्ही कागदावर येतात. घेर मर्यादेच्या पुढे असेल किंवा साखर वाढलेली निघाली, तर कानाचा प्रश्न नुसता विचारून न सोडता ऑडिओमेट्रीची चिठ्ठी द्यायची, एवढी सूचना आरोग्य विभागाने काढावी. ती चिठ्ठी घेऊन जाण्यासाठी उपजिल्हा रुग्णालयात ऑडिओमीटर हवा आणि तो चालवणारा माणूस हवा. श्रवण आणि वाचा-उपचार शिकवणारी राष्ट्रीय संस्था १९८३ पासून मुंबईत वांद्र्याला आहे, तिथून आणि इतर महाविद्यालयांतून दर वर्षी मुलं-मुली शिकून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी पदं निर्माण करणं हा खर्चाचा भाग आहे, आणि तो खर्च मागितला पाहिजे. मधुमेहाच्या ओपीडीत डोळ्यांच्या तक्त्याशेजारी त्या ऑडिओमीटरची जागा आहे.